खाडीवरचं संशोधन खाडीकाठी कसं न्यावं?

प्रश्न थोडक्यात असा: "माझी पीएचडी सिंधुदुर्गातल्या एका खाडीतल्या तिसऱ्यांवर, म्हणजे खायच्या शिंपल्यांवर आहे. त्या कोणत्या महिन्यांत अंडी घालतात, किती वाढल्यावर घालतात, असा विषय. पेपर इंग्रजीत छापून आले. पण ज्या बायकांनी मला नमुने काढून दिले, त्यांना त्यातलं काहीच ठाऊक नाही. सगळे म्हणतात रील कर. मला कॅमेऱ्यासमोर बोलता येत नाही. गाइड म्हणतात, हा टाइमपास आहे, याला गुण नाहीत. मी काय करू?"

रीलनं सुरुवात करू नका. कॅमेऱ्यासमोर बोलता न येणं हा काही दोष नव्हे. आणि तुमचं काम ज्यांच्या उपयोगाचं आहे, त्यांच्यापर्यंत ती रील पोचेलच असंही नाही. रील बघणारा बहुधा पुण्या-मुंबईचा. तो 'खूप छान माहिती' लिहील आणि तिसऱ्यांच्या एकशिपीची पाककृती शोधायला जाईल. त्यालाही कधीतरी सांगू, पण आधी खाडीकाठ.

मी कोकणातल्या कॉलेजांतून प्राणिशास्त्र शिकवलं आणि पुढं संशोधक मुलामुलींच्या 'हे गावात सांगा' म्हणून मागे लागण्याचंच काम करत आलो. माझं म्हणणं एवढंच आहे: माणसं आपल्यासाठी गोळा करायची नाहीत. ती जिथं आधीच जमतात तिथं आपण जायचं, आणि जाताना त्यांच्या हाताला काहीतरी काम घेऊन जायचं. कॉलेजचा 'जनजागृती कार्यक्रम' याच्या बरोबर उलटा असतो. बॅनर, दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, आणि उरलेल्या वेळात मूळ विषय. समोर एनएसएसची मुलं, हजेरीपुरती बसलेली.

तुमच्या श्रोत्या कुठं आणि कधी भेटतील हे पंचांग सांगतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हे खाडीकाठी पोरांनाही पाठ असतं. एकादशीला अकराची पाऊणपट सव्वाआठ, म्हणजे सकाळी सव्वाआठच्या सुमाराला पूर्ण भरती आणि दुपारी सव्वादोनला सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. त्या दिवशी तुम्ही 'दुपारी दोन वाजता, ग्रामपंचायत सभागृह' अशी सूचना लावलीत, तर बायका खाडीत गुडघाभर चिखलात असणार आणि सभागृहात तुम्ही, सरपंच आणि पंखा. बचतगटाची मासिक सभा भरतीच्या वेळेला कुठल्या तिथीला बसते ते बघा आणि तिच्यातली पंधरा मिनिटं मागून घ्या. नाहीतर सरळ सुकतीला टोपली घेऊन त्यांच्याबरोबर उतरा. दुसरा मार्ग जास्त चांगला. चिखलात उभ्या माणसाला कोणी 'मॅडम, दोन शब्द बोला' म्हणत नाही.

पहिल्या भेटीत निष्कर्ष सांगू नका. सांगितलेत तर कोणीतरी म्हातारी म्हणणारच, "ह्यां आमका म्हायत आसा गो बाय, नवीन काय ता सांग." आणि तिचं बरोबर असेल. तिसरी कधी भरलेली असते आणि कधी पोचट, हे त्या तळहातावर घेऊन सांगतात. तुम्ही तेच मांस काट्यावर तोलून, ओव्हनमध्ये वाळवून काढलंत. तेव्हा जमिनीवर खडूनं चैत्र ते फाल्गुन अशा बारा चौकटी आखा आणि त्यांनाच शिंपले मांडायला सांगा: भरलेल्या महिन्यात पाच शिंपले, पोचट महिन्यात एक. त्यांचं मांडून झालं की खालच्या ओळीत तुमच्या आकड्यांचे शिंपले मांडा. बहुतेक ठिकाणी दोन्ही ओळी जुळतील. जिथं जुळणार नाहीत, तिथं खरी चर्चा सुरू होईल. कोणी म्हणेल, तुमची जागा मुखाजवळची होती, आम्ही आत काढतो, तिथं पावसात पाणी लवकर गोडं होतं. हा मुद्दा तुमच्या पेपरच्या परीक्षकालाही सुचला नसेल. पुढच्या पेपरला विषय मिळाला तर त्यांचे आभार नावानिशी माना, त्यांना विचारून.

आता हाताला काम. तुमच्या प्रबंधात एक आकडा नक्की असेल: अमुक मिलिमीटरला निम्म्या तिसऱ्या अंडी घालण्याजोग्या झालेल्या असतात. गावाच्या दृष्टीनं तुमची सगळी पीएचडी म्हणजे तो आकडा. तो पोस्टरवर छापून काही होत नाही, कारण चिखलानं माखलेल्या हातात कोणी मोजपट्टी धरत नाही. त्याची कडी करा. पीव्हीसी पाइपाचा बोटभर तुकडा, सुतळीनं टोपलीला बांधलेला. जी तिसरी आरपार पडते ती परत खाडीत, जी अडते ती टोपलीत. बोलायची गरजच नाही.

यात एक मेख आहे. प्रबंधात आपण शिंपल्याची लांबी मोजतो, पण कडीतून जाताना तिसरी लांबीच्या दिशेनं सरकते आणि अडते ती उंचीला. लांबीच्या आकड्याएवढं भोक ठेवलंत तर चांगल्या मोठ्या तिसऱ्याही सुटून जातील, आणि दुसऱ्या दिवशी तुमची कडी कुठल्यातरी गडग्यावर पडलेली दिसेल. तुमच्याच नोंदींतून लांबी-उंचीचं प्रमाण काढा आणि उंचीच्या मापाची कडी करा. पाइप बाजारात ठरावीक व्यासांचेच मिळतात. माप बसत नसेल तर सुताराकडून फळीच्या तुकड्याला भोक पाडून घ्या. वाटण्याआधी दोघी-तिघींकडून एक सुकतीभर वापरून बघा. कडी बोटात अडकते, ओली झाली की निसटते, असल्या तक्रारी त्याच दिवशी कळतात.

हे माझं खूळ नव्हे. केरळात अष्टमुडी सरोवरात शिंपल्यांची काढणी बेसुमार झाली होती. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या अभ्यासावरून तिथं डिसेंबर ते फेब्रुवारी काढणी बंद आणि जाळ्याचा आस, म्हणजे भोकाचं माप, ३० मिलिमीटरपेक्षा लहान नको, असे नियम आले. २०१४ मध्ये त्या मासेमारीला मरीन स्टुअर्डशिप कौन्सिल या, टिकाऊ मासेमारी पारखणाऱ्या संस्थेचं प्रमाणपत्र मिळालं, देशातलं अशा प्रकारचं पहिलं. म्हणजे संशोधनाचं सार तिथं जाळ्याच्या आसात उतरलं. ज्यानं पेपर वाचला नाही, त्याच्याही हातात ते आहे.

मात्र 'हे तीन महिने काढू नका' हे वाक्य तुमच्या तोंडून जाऊ देऊ नका. त्या तीन महिन्यांत घरात पैसा कुठून येतो हे तुम्ही मोजलेलं नाही. यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै बंदी असते तेव्हा त्याच घरांचा आधार खाडी असतो. कडी सुचवा, महिने दाखवा. बंदी घालायची की नाही, आणि घातली तर आळीपाळीनं कुठल्या पट्ट्यात, हे वाडीच्या बैठकीत ठरू द्या. संशोधक बंदीचा निरोप्या झाला की पुढच्या वर्षी नमुने द्यायला कोणी येत नाही.

लोकांना श्रोते न ठेवता कामाला लावायचं याचं कोकणातलं एक जुनं उदाहरण विजयदुर्गाला आहे. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी नॉर्मन लॉकियर हा इंग्रज शास्त्रज्ञ तिथं आला होता. बरोबर 'मेलपोमिनी' ही युद्धनौका. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची, मोजमापं करणारे शास्त्रज्ञ मूठभर. म्हणून त्यानं नौकेवरच्या माणसांना हाताशी धरलं, त्यांच्या रीतसर तालमी घेतल्या, प्रभामंडळाची चित्रं काढायला बसवलं. आज आपण ज्याला मोठ्या कौतुकानं लोकविज्ञान म्हणतो, ते विजयदुर्गाच्या तटावर सव्वाशे वर्षांपूर्वी चाललं होतं.

पण गावात सांगतात ती गोष्ट वेगळी. लॉकियरनं १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात विजयदुर्गावरून हेलियम शोधला, अशी ती गोष्ट. दरवर्षी १८ ऑगस्टला तिथं हेलियम दिन साजरा होतो, आणि दुर्बिणी ठेवलेल्या जागांना 'साहेबाचे ओटे' म्हणतात. प्रत्यक्षात १८६८ च्या ग्रहणात फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता आणि लॉकियर इंग्लंडातच. सूर्यप्रकाशाच्या वर्णपटातली जी पिवळी रेषा पुढं हेलियमची ठरली, ती लॉकियरनं इंग्लंडातून, ग्रहण नसताना, २० ऑक्टोबर १८६८ ला पाहिली. पृथ्वीवर हेलियम मिळाला १८९५ मध्ये, रॅम्झीला. लॉकियर विजयदुर्गाला आला तो त्यानंतर.

एखाद्या गावाच्या अभिमानाची गोष्ट चुकीची आहे हे कसं सांगायचं, हा संशोधन लोकांपर्यंत नेण्यातला सगळ्यात अवघड भाग. वर्तमानपत्राला 'ऐतिहासिक सत्य' म्हणून पत्र पाठवणं सोपं असतं. मग गाव तुमच्याशी बोलत नाही, एवढंच. माझं मत असं की शाळेत जावं आणि मुलांसमोर फक्त दोन तारखा ठेवाव्यात. एक ऑगस्टची, एक जानेवारीची. विचारावं, सूर्य बघायला तुम्ही साहेब असता तर कोकणात कधी आला असता? श्रावणात कोकणात सूर्याचं दर्शन व्हायची मारामार. सातासमुद्रापलीकडून अवजड यंत्रं लादून त्या दिवसात इथं कोण येईल? मुलं स्वतःच गोष्ट सोडवतात आणि घरी जाऊन आजोबांशी भांडतात. शिवाय गावाचं काही जात नाही. हेलियमचा शोध जातो खरा, पण युद्धनौका, तालमी, तटावरचा तळ असा आणखी रंगतदार आणि खरा प्रसंग मिळतो. १८ ऑगस्टचा कार्यक्रम बंद करा असं तर मुळीच म्हणू नये. त्या दिवशी मुलं वर्णपटाबद्दल ऐकतात, तेवढं पुरे. २२ जानेवारीला आणखी एक करावा, आभाळ निरभ्र असतं.

दुसरी शिकण्यासारखी गोष्ट कासवांची. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली ती २००२ च्या आसपास. पुढं महोत्सव आला, घरगुती राहण्या-जेवणाची सोय आली, माणसं पिल्लं समुद्रात जाताना बघायला येऊ लागली. ते सगळ्यांना माहीत आहे. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते २०२२ मध्ये घडलं. भारतीय वन्यजीव संस्था आणि कांदळवन कक्षानं पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रहाचे ट्रान्समीटर बसवले. पहिली वेळासची, २५ जानेवारीला सोडलेली. तिचं नाव ठेवलं प्रथमा. मग सावनी, वनश्री, रेवा, लक्ष्मी. नाव मिळालं आणि बातम्यांत नकाशा येऊ लागला तसं लोक विचारायला लागले, "प्रथमा खंय पोचली?" जणू पोर सासरी गेलीय आणि पत्राची वाट बघतायत. २०२३ मध्ये गुहागरहून सोडलेली बागेश्री तर श्रीलंकेकडे निघाली, तेव्हा एसटीत अनोळखी माणसं तिच्या गप्पा मारत.

इथं निष्कर्ष अजून लागलेलाच नव्हता. लोकांना दाखवलं जात होतं ते चालू काम, हप्त्याहप्त्यानं. आपण पेपर छापून येईपर्यंत दडी मारून बसतो आणि मग एकदम पन्नास स्लाइड घेऊन उगवतो. तुमच्यापुरतं सांगायचं तर रेशनच्या दुकानाबाहेर किंवा तरीच्या धक्क्यावर एक फळा मागून घ्या. दर अमावास्येला त्यावर तीनच ओळी: या महिन्यात किती तिसऱ्या मोजल्या, त्यांतल्या किती कडीतून पडल्या, मागच्या वर्षी याच महिन्यात किती. खडू तिथंच ठेवा. कोणीतरी खाली 'आमच्याकडे जास्त' असं लिहील. लिहू द्या. उपग्रहाचा पैसा आपल्याकडे नसतो, पण पैशावाचून अडतं असंही नाही. ओडिशात २०२१ मध्ये पंखाला धातूचा साधा क्रमांकाचा बिल्ला लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली. त्या एका बिल्ल्यानं पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांच्या कासवांबद्दल पुन्हा विचार करायला लावला.

लोककलांबद्दल बोलायलाच हवं, कारण 'क्रिएटिव्ह' म्हटलं की सगळ्यांना दशावतारच आठवतो. परदेशात २००८ पासून पीएचडी नाचून दाखवायची स्पर्धा चालते, त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात तीन मिनिटांत प्रबंध सांगायची स्पर्धा सुरू झाली. ते ठीक आहे, तरुण मुलांना मजा येते. पण दशावतारात प्लास्टिकासुर आणून त्याचा वध करायचा, असले प्रयोग मला बघवत नाहीत. दशावताराची संहिता लिहिलेली नसते, नट रंगमंचावर आपल्या अकलेनं बोलतो, तेच त्याचं वैभव. त्याच्या हातात छापील घोषणा दिली की राजापार्टी नट खात्याच्या माहितीपत्रकासारखा बोलू लागतो आणि लोक चहा प्यायला उठतात. कंपनीच्या मालकाला स्वतःला विषय आवडला तर गोष्ट निराळी.

शक्ती-तुऱ्याचं, म्हणजे जाखडी नाचातल्या दोन पार्ट्यांच्या गाण्यातल्या सामन्याचं, तसं नाही. रत्नागिरीकडे गणपतीत जाखडी रंगते ती दोन शाहिरांच्या सवाल-जवाबावर. तिथं उपदेशाला वाव नाही, पण कोड्याला आहे, आणि आपल्याकडे तर कोडीच कोडी असतात. शाहिराला पेपरचा सारांश देऊ नका, सवाल द्या. कासवाच्या अंड्यातून नर निघणार की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं. वाळू जास्त तापली की माद्या जास्त. याचा सवाल कसा होईल बघा:

शंभर भावंडं एका खड्ड्यात, आई ना बाप राखाया रं,
कोण बहीण नि कोण भाऊ, कोणी ठरविलं सांगाया रं?

माझं यमक ओढूनताणून आहे, खरा शाहीर याहून बरं करील. समोरच्या पार्टीला उत्तर शोधायला लागतं, आणि रात्री दोन वाजता सगळं गाव कासवाच्या लिंगनिश्चितीवर वाद घालतं. कुठल्या सेमिनारला हे साधलंय?

बोलायची भीती असेल तर लिहा. जयंत नारळीकर व्याख्यानानंतर सही मागणाऱ्या मुलांना सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही करून पाठवीन. तुम्हीही खाडीकाठच्या दोन-तीन शाळांपुरतं हे करू शकता. एक पेटी ठेवायची, महिन्यातून एकदा चिठ्ठ्या काढायच्या, हातानं उत्तरं लिहायची. आकाशवाणीची रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग ही दोन्ही केंद्रं तुमच्या टप्प्यात आहेत. तिथं तुम्ही आणि मायक्रोफोन, तोंड दिसत नाही. फक्त कानासाठी लिहा: दशांश चिन्हं काढून टाका, '४२.७ टक्के' ऐवजी 'दहांतल्या चार' म्हणा, आणि गावांची नावं भरपूर घ्या, स्वतःच्या गावाचं नाव कानावर पडलं की माणूस आवाज वाढवतो. व्हॉट्सअॅपवर पाठवायचं असेल तर पीडीएफ नको, कोणी उघडत नाही. दीड मिनिटाचा आवाज पाठवा, आणि त्यातच आपलं नाव, खाडी आणि महिना-वर्ष बोला. फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतात. तुमचा यंदाचा आकडा पाच वर्षांनी कोणी 'आत्ताच आलेली माहिती' म्हणून पाठवील.

काय सांगायचं नाही हेही ठरवा. तिसऱ्यांचे दाट पट्टे नेमके कुठं आहेत हा नकाशा पेपरपुरता ठेवा, गावाबाहेर मिरवू नका. बाहेरचे व्यापारी तोच नकाशा घेऊन येतात. सड्यावरच्या (कोकणातल्या कातळी पठारांवरच्या) दुर्मीळ वनस्पतींचे फोटो ठिकाणासकट टाकणाऱ्या मित्रांनाही मी हेच सांगतो. कातळशिल्पांचं थोडं वेगळं आहे. २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, त्यांना उजेडात आणणं हेच त्यांचं संरक्षण होतं. तुमच्या विषयाला कोणता नियम लागतो हे गावाशी बोलून ठरवा.

राहता राहिले गाइड. पेपरातला मजकूर आणि आकृत्या प्रकाशकाच्या मालकीच्या असू शकतात, तेव्हा आकृती जशीच्या तशी उचलू नका, नव्यानं काढा. निष्कर्ष स्वतःच्या शब्दांत सांगायला कोणाची बंदी नाही. सहलेखकांना आधी दाखवा, गाइडचं नाव आवर्जून घ्या, अर्धा विरोध तिथंच मावळतो. गुणांचं म्हणाल तर नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या, निकषांत संशोधनाच्याच शीर्षकाखाली विस्तारकार्यही (समाजात जाऊन केलेलं काम) येत आलंय, आणि मूल्यांकनाच्या वर्षी प्राचार्य त्याच्याच फायली शोधत फिरतात. फळ्याचे तारखेसकट फोटो, बचतगटाच्या इतिवृत्तातली नोंद आणि ग्रामपंचायतीचं पत्र, एवढं पहिल्यापासून जपून ठेवा. पत्राला सरपंच कधी नाही म्हणत नाहीत, पण लिहायला त्यांना सवड नसते, म्हणून मसुदा टाइप करून न्या आणि शिक्का कार्यालयात आहे ना, हे आधी फोन करून विचारा.